चाकाच्या एका फेरीत सहा झुक : ‘लोकसाउंड ५’ बसवल्यानंतर

वाफेचे इंजिन झुकझुक करते, असे आपण लहानपणापासून म्हणत आलो; पण हे झुक मोजावे लागतात, हे मला माझ्या खेळण्यातल्या रेल्वे इंजिनात ध्वनी डीकोडर (हुकूम ओळखून मोटर आणि आवाज चालवणारी छोटी चकती) बसवायला घेईपर्यंत सुचले नव्हते. दोन सिलिंडरांचे नेहमीचे इंजिन चाकाच्या एका फेरीत चार वेळा वाफ सोडते, तर १९२३ साली डॉनकास्टरला बांधून झालेल्या ‘फ्लाइंग स्कॉट्समन’ला तीन सिलिंडर असल्यामुळे त्याचे सहा झुक होतात. या इंजिनाचे १:७६ प्रमाणातले जुने मॉडेल माझ्याकडे आहे आणि त्यात मी जर्मनीच्या ईएसयू कंपनीचा ‘लोकसाउंड ५’ हा डीकोडर बसवला.

डीसीसी, म्हणजे मॉडेल इंजिनांना डिजिटल हुकूम देण्याच्या पद्धतीत रुळांवर वीज कायम असते आणि हुकूमही त्याच विजेतून डीकोडरपर्यंत पोहोचतात. त्यामुळे स्थानकात उभे असलेले इंजिनही फुसफुसत राहते, शिट्टी देते, कोळसा टाकल्याचा आवाज करते. हे सगळे या डीकोडरमध्ये उत्तम आहे. मात्र खरेदीचे समाधान बसवणाऱ्याच्या हातावर अवलंबून आहे.

जुन्या ब्रिटिश मॉडेलांपैकी अनेकांत मोटरला वीज पोहोचवणारा एक ब्रश थेट चेसिसला (धातूच्या सांगाड्याला), म्हणजेच रुळाच्या विजेला टेकलेला असतो. डीकोडरची नारिंगी आणि करडी तार मोटरला, लाल आणि काळी रुळाकडून येणाऱ्या विजेला जोडायची आणि या दोन जोड्यांचा कुठेही संपर्क येऊ द्यायचा नाही, हा पहिला नियम. मल्टिमीटरने तपासण्याचा कंटाळा केल्यामुळे माझा पहिला डीकोडर, तोही दुसऱ्याच बनावटीचा आणि सुदैवाने स्वस्तातला, क्षणात जळाला. मोटर रोखून धरल्यावर ती किती वीज ओढते, हेही आधी मोजावे. जुन्या मोटरींची भूक नव्या डीकोडरला झेपेलच असे नाही.

बॉयलरमध्ये जागा नसल्यामुळे डीकोडर आणि स्पीकर दोन्ही टेंडरमध्ये, म्हणजे इंजिनामागच्या कोळशाच्या डब्यात, खोट्या कोळशाच्या ढिगाखाली गेले आणि इंजिन व टेंडर यांच्यामध्ये बारीक, लवचीक तारा ओढाव्या लागल्या. वळणावर या तारा ताठ राहिल्या तर टेंडर रुळावरून उतरतो, म्हणून त्या थोड्या सैल ठेवाव्यात. स्पीकर साखरेच्या खड्याएवढा असतो. त्याची मागची पेटी हवाबंद नसेल, तर पडद्याच्या मागची लाट पुढच्या लाटेला मारते आणि भारदस्त झुकऐवजी पत्र्यावर खडे पडल्यासारखा आवाज येतो. पेटीच्या फटी गोंदाने बुजवल्यावर जो फरक पडला, तो महागडा स्पीकर घेऊनही पडला नसता, असे माझे मत आहे.

विक्रेत्याने भरून दिलेला आवाज दोन सिलिंडरांच्या इंजिनाचा निघाला. ऐकणाऱ्या दहांपैकी नऊजणांना ते कळणार नाही, पण दहावा मीच असल्यामुळे मित्राच्या प्रोग्रामरवरून (डीकोडरमध्ये आवाज भरण्याच्या उपकरणावरून) योग्य आवाज पुन्हा भरून घेतला. ज्यांना स्वतःच आवाज बदलायचे आहेत, त्यांनी या उपकरणाचा खर्चही हिशेबात धरावा. त्यानंतर सीव्ही ५४ मध्ये (सीव्ही म्हणजे डीकोडरमधली क्रमांक दिलेली सेटिंग) ० लिहून नियंत्रकावरचे एफ-१ बटण दाबले. इंजिन आपण होऊन भरधाव सुटते आणि डीकोडर मोटरचा स्वभाव ओळखतो. पुढे पुरेसा मोकळा रूळ नसेल तर ही परीक्षा टेबलाखाली संपते. शेवटी झुकांचा ठेका चाकाशी जुळावा म्हणून वेग १ वर, म्हणजे सर्वांत कमी ठेवून सीव्ही ५७ आणि मग वेग वाढवून सीव्ही ५८ जुळवला. खडूने चाकावर खूण करून मोजत बसण्यात एक संध्याकाळ गेली, पण आता दांड्यांची हालचाल आणि झुक एकमेकांना धरून चालतात. रेग्युलेटर (सिलिंडरांकडे वाफ सोडणारी झडप) मिटल्यासारखा वेग उतरवला की झुक विरतात आणि नुसता दांड्यांचा खणखणाट उरतो, तो मला सर्वांत आवडला.

आवाजाची पातळी सीव्ही ६३ मध्ये १९२ पर्यंत नेता येते. मी ती ७० वर ठेवली आहे. त्यापुढे गेल्यास इंजिनाआधी टेंडरचे प्लास्टिकच बोलू लागते.