मिनेसोटाचं स्टेट ऑडिटर ऑफिस: पाचपैकी चार तारे, आणि तिसऱ्या पक्षाच्या उमेदवाराला काही प्रश्न

फेब्रुवारीतली रात्र, बाहेर उणे वीस. टाउन हॉलमध्ये आम्ही सहा जण: तीन सुपरवायझर, क्लार्कबाई, आमचे ट्रेझरर आजोबा आणि त्यांची डेप्युटी म्हणून मी. टेबलावर वर्षभराची बिलं. आमच्या टाउनशिपची (टाउनशिप म्हणजे इथली ग्रामपंचायतीसारखी संस्था) 'बोर्ड ऑफ ऑडिट' ही मीटिंग दर वर्षी अशीच होते. क्लार्कची वही वेगळी, ट्रेझररची वेगळी, आणि दोन्हींची शिल्लक जुळल्याशिवाय कोणी घरी जात नाही. मी साताऱ्याला स्थानिक निधी लेखापरीक्षेत चौदा वर्षं काढली. पाटण आणि जावळी तालुक्यांतल्या ग्रामपंचायतींची दप्तरं तपासली, नमुना ५ ची रोकडवही, पावतीपुस्तकं, प्रमाणकं. त्यामुळे त्या हॉलमध्ये पहिल्यांदा बसले तेव्हा मला परकं असं काही वाटलंच नाही. आपल्याकडे त्याला ताळमेळ म्हणतात, इथे कॅश कंट्रोल स्टेटमेंट.

हा रिव्ह्यू ज्या सेवेचा आहे ती म्हणजे मिनेसोटाच्या स्टेट ऑडिटर ऑफिसची. ती फारशी कोणाला ठाऊक नसते. इथल्या आपल्या मराठी मंडळींपैकी बरेच जण आता नागरिक झालेत, मत देतात, पण गव्हर्नर आणि सिनेटरच्या खाली मतपत्रिकेवर 'स्टेट ऑडिटर' आलं की हात थबकतो. हे कोण, करतात काय? मला दर निवडणुकीला चार-पाच फोन येतात, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

आपल्याकडे हिशेब तपासणारा माणूस नेमलेला असतो. देशाचे महालेखापरीक्षक राष्ट्रपती नेमतात, आणि आमचं लोकल फंडाचं खातं १९३० च्या कायद्याखाली, वित्त विभागाच्या अखत्यारीत. मिनेसोटात स्टेट ऑडिटर दर चार वर्षांनी निवडून येतो, पक्षाच्या चिन्हावर नसला तरी पक्षाच्या नावावर. आणि त्याचं काम बरंचसं आमच्या लोकल फंडासारखंच, म्हणजे स्थानिक संस्थांवर नजर ठेवणं. ८७ काउंट्या (आपल्या जिल्ह्यांसारख्या), साडेआठशेच्या आसपास शहरं, सतराशेच्या वर टाउनशिपा, शिवाय शाळांचे डिस्ट्रिक्ट, गावोगावच्या स्वयंसेवक अग्निशामकांचे पेन्शन फंड, आणि बिल्डरला सवलत देण्यासाठी शहरं जो वाढीव कर बाजूला काढतात त्याचे हिशेब. राज्य सरकारची खाती मात्र त्याच्याकडे नाहीत. ती लेजिस्लेटिव्ह ऑडिटर बघतो, आणि तो नेमलेला असतो.

हा फरक बहुतेकांना माहीत नसतो आणि त्यातून फार गोंधळ होतो. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये 'फीडिंग अवर फ्यूचर' या सेवाभावी संस्थेच्या प्रकरणात आरोपपत्रं दाखल झाली. मुलांच्या जेवणाचे केंद्राचे २५ कोटी डॉलर लाटल्याचे आरोप, आणि पैसा गेला होता राज्याच्या शिक्षण खात्यामार्फत. निवडणूक दोन महिन्यांवर. माझ्याच ओळखीतल्या किती जणांनी तेव्हा विचारलं, "मग स्टेट ऑडिटर काय झोपला होता का?" बाई गं, ते दप्तर त्याच्याकडे नव्हतंच! २०२४ साली लेजिस्लेटिव्ह ऑडिटरनेच त्यावर अहवाल दिला आणि खात्याची देखरेख अपुरी होती असं स्पष्ट लिहिलं.

आता सेवेकडे येते, कारण तारे मी त्यासाठी दिलेत.

लहान शहरं आणि टाउनशिपांसाठी या ऑफिसने हिशेबाचं स्वतःचं सॉफ्टवेअर काढलंय, सीटॅस म्हणतात त्याला. आमच्यासारख्या रोखीच्या पद्धतीने हिशेब ठेवणाऱ्या गावाला जेवढं लागतं तेवढंच त्यात आहे. जनरल फंड, रोड अँड ब्रिज, फायर असे फंड वेगळे. प्रत्येक बिल 'क्लेम' म्हणून चढतं आणि त्याला नंबर पडतो. बोर्डाने मंजूर केल्याशिवाय चेक निघत नाही. आमच्या आजोबांचं वय ७८. त्यांनी चाळीस वर्षं शेतीचा हिशेब वहीत लिहिला, तरी हे त्यांना एका हिवाळ्यात जमलं. एकदा वर्षाची सुरुवातीची शिल्लक कशी भरायची यावर आम्ही दोघं अडलो. ऑफिसला फोन केला तर पलीकडच्या माणसाने स्क्रीनवरची एकेक ओळ वाचायला लावत, अजिबात घाई न करता, वीस मिनिटांत सोडवून दिलं. सरकारी ऑफिसात असा माणूस भेटला की मला साताऱ्याचे आमचे मोठे साहेब आठवतात. नव्या ग्रामसेवकाला ते शेजारी बसवून खतावणी शिकवायचे.

क्लेमबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. पैसे मागणाऱ्याने खाली सही करून द्यायचं असतं की हे देणं खरं आणि बरोबर आहे, आणि यातला कुठलाही भाग आधी मिळालेला नाही. एवढं एकच वाक्य. दोन वर्षांपूर्वी रस्त्याच्या 'क्लास फाइव्ह' खडीचं बिल आमच्याकडे दोनदा आलं, एकदा जूनमध्ये आणि एकदा ऑगस्टमध्ये. रक्कम तीच, ट्रकची संख्याही तीच, फक्त तारीख बदललेली. क्लेमची यादी काढली आणि दोन कागद शेजारी ठेवले, तेव्हा ट्रकफेऱ्यांच्या तिकिटांचे नंबर सारखे निघाले. कंत्राटदाराच्या ऑफिसात कोणाची तरी चूक झाली होती, त्यांनी मान्यही केली. पण पाटण तालुक्यात अशाच दुबार प्रमाणकावर मी आक्षेप काढला होता आणि त्याचं अनुपालन यायला सहा वर्षं लागली होती. इथे तो पैसा गेलाच नाही. लेखापरीक्षणाचं खरं काम पैसा जाण्याआधीच व्हायला हवं, हे मी नोकरीत असताना घसा कोरडा करून सांगायचे.

दर आठवड्याला ऑफिसचं ईमेलही येतं. त्यात हमखास होणाऱ्या एखाद्या चुकीबद्दल चार ओळी असतात. क्रेडिट कार्डाचं नुसतं स्टेटमेंट पुरत नाही, वस्तूवार पावती हवी, अशा धर्तीच्या. मी त्यांचे प्रिंट काढून टाउन हॉलच्या फायलीत लावते. कोणत्याही सरपंचाने, कोणत्याही सोसायटीच्या खजिनदाराने वाचावं असं ते लिखाण असतं.

शिवाय या ऑडिटरकडे आणखी एक खुर्ची आहे, ती प्रचारात ऐकू येत नाही. गव्हर्नर, सेक्रेटरी ऑफ स्टेट, ॲटर्नी जनरल आणि स्टेट ऑडिटर, असे चौघं मिळून राज्याचं गुंतवणूक मंडळ. शिक्षकांच्या, सरकारी नोकरांच्या पेन्शनचा पैसा कुठे गुंतवायचा ते तिथे ठरतं. तेव्हा 'ऑडिटर म्हणजे नुसता आकडेमोड्या' असं समजून मत टाकू नका. आर्नी कार्लसन आणि मार्क डेटन दोघंही आधी इथे ऑडिटर होते आणि पुढे गव्हर्नर झाले.

पाचवा तारा का राखला, ते आता सांगते. त्याचा ऑफिसच्या माणसांशी काही संबंध नाही. तिथे पोचण्याच्या निवडणुकीशी आहे.

मी २०१६ साली नागरिक झाले. २०१८ च्या मे महिन्याच्या शेवटी शेतकरी बाजारात एक तरुण मुलगा पॅड घेऊन उभा होता. स्टेट ऑडिटरसाठी तिसऱ्या पक्षाचा उमेदवार उभा करायचाय, सही द्या म्हणाला. लहान पक्षाला राज्यभराच्या पदासाठी २००० सह्या लागतात आणि त्या गोळा करायला मुदत फक्त दोन आठवड्यांची. मी सवयीने आधी वरची शपथ वाचली. तिच्यात लिहिलेलं असतं की मला या अर्जाचा मजकूर माहीत आहे, मी स्वखुशीने सही करतेय, आणि या पदासाठी प्रायमरीत, म्हणजे पक्षांचे उमेदवार ठरवणाऱ्या आधीच्या निवडणुकीत, मत देण्याचा माझा इरादा नाही. त्याला विचारलं, "तुमचा उमेदवार टाउनशिपांच्या हिशेबाबद्दल काय म्हणतो?" तो प्रामाणिक होता. "मला ठाऊक नाही, मॅडम. आम्हाला पक्ष उभा करायचाय." मी सही केली. नव्या पक्षाला दार उघडं असावं असं मला मनापासून वाटतं, आणि ज्या राज्याने १९९८ साली रिफॉर्म पार्टीच्या जेसी व्हेंचुरा यांना गव्हर्नर केलं तिथे ते असायलाच हवं.

त्या नोव्हेंबरमध्ये लीगल मारिजुआना नाऊ पक्षाचे मायकल फोर्ड ऑडिटरच्या जागेला पाच टक्क्यांच्या वर मतं घेऊन गेले. निवडून आल्या डीएफएलच्या, म्हणजे इथल्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या, ज्युली ब्लाहा. पण मिनेसोटाच्या कायद्यात राज्यभराच्या एखाद्या पदाला पाच टक्के मतं मिळाली, आणि प्रत्येक काउंटीत मत पडलं, की पक्ष 'मोठा' ठरत असे. मोठा झाला की सह्या गोळा करण्याची दगदग संपली, थेट मतपत्रिकेवर. म्हणजे गांजा कायदेशीर करायला निघालेल्या पक्षाला ती पायरी मिळाली हिशेबनिसाच्या जागेवरून! मी त्या वर्षी तिसऱ्या पक्षालाच मत दिलं होतं आणि त्याचा मला पश्चात्ताप नाही. त्यांची मागणी लोकांची होती. २०२३ च्या १ ऑगस्टपासून मिनेसोटात गांजा कायदेशीर झालाही.

पण २०२२ येईपर्यंत मी डेप्युटी ट्रेझरर झाले होते, आणि त्या जागेकडे वेगळ्या नजरेने बघत होते. पुन्हा ब्लाहा, समोर रिपब्लिकन रायन विल्सन, आणि गांजाच्याच प्रश्नावर उभे असलेले दोन पक्ष: लीगल मारिजुआना नाऊचे टिम डेव्हिस आणि ग्रासरूट्सचे विल फिन. ब्लाहा जिंकल्या त्या साडेआठ हजारांच्या आसपास मतांनी. राज्यभराच्या पदांमधली ती सगळ्यात चुरशीची लढत होती. डेव्हिस आणि फिन यांना मिळून लाखाच्या वर मतं. "त्यांनी मतं खाल्ली" असं दोन्हीकडचे लोक म्हणाले. मला ते पटत नाही. मत ज्याचं त्याचं असतं, ते कोणाच्या ताटातलं नसतं. माझं दुखणं निराळं आहे. या एवढ्या लाखभर लोकांसमोर टाउनशिपच्या, काउंटीच्या हिशेबाचा विषय कोणी मनापासून मांडला असता तर? त्या वर्षी मी दोन मोठ्या पक्षांपैकी एकाला मत दिलं, कारण कामाबद्दल बोलणारे तेच होते.

आणि खरं तर तिसऱ्या पक्षाच्या माणसाला याच्याइतकी शोभणारी दुसरी जागा नाही. गव्हर्नरला विधिमंडळात आपली माणसं लागतात. ऑडिटरला कोणाचीच माणसं नसलेली बरी. काउंटीत एका पक्षाचं बहुमत, शहरात दुसऱ्याचं, आणि दोघांच्या वह्या उघडणारा दोघांचाही नाही! साताऱ्यात आम्हाला पंचायत समितीत चहासुद्धा स्वतःच्या पैशाने प्यायला सांगितलेलं होतं, ते कशासाठी?

म्हणून जो कोणी तिसऱ्या पक्षाकडून उभा राहील त्याने माझ्या दारात यावं, मी गुळाचा चहा देईन आणि विचारेन. २०१५ च्या कायद्याने काउंट्यांना स्टेट ऑडिटरऐवजी खासगी सीपीए (आपल्याकडचे सीए) नेमायची मुभा दिली. तेव्हाच्या ऑडिटर रिबेका ओट्टो त्याविरुद्ध कोर्टात गेल्या, आणि २०१८ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने कायदा वैध ठरवला. तुमचं यावर म्हणणं काय? माझं म्हणणं असं की ज्याचे हिशेब तपासायचे त्यानेच तपासणारा निवडून त्याला फी द्यायची, हे चांगल्या सीपीएलाही अवघड जागी बसवणं आहे. तुम्हाला पटत नसेल तर मला समजावून सांगा, मी ऐकेन. सीटॅस चालवणाऱ्या माणसांची संख्या तुम्ही वाढवणार की कमी करणार? गुंतवणूक मंडळात बसून शिक्षकांच्या पेन्शनबद्दल काय बोलाल? अग्निशामकांच्या फंडाचा अहवाल एकदा तरी वाचलाय का?

२०२३ साली 'मोठा' पक्ष ठरण्याची ती पाच टक्क्यांची अट आठ टक्के केली गेली. मला ती फार जड वाटते. नव्या पक्षाला आता आणखी मोठा डोंगर चढायचाय, आणि नुसत्या पक्षाच्या नावावर तो चढता येईल असं दिसत नाही.

ज्यांना हे काम कसं चालतं ते डोळ्यांनी बघायचं असेल त्यांच्यासाठी: मार्चच्या दुसऱ्या मंगळवारी राज्यातल्या टाउनशिपांची वार्षिक सभा असते. आपण टाउनशिपमध्ये राहत असाल तर जा, मतदार म्हणून तुम्हाला तिथे थेट हात वर करून कराची रक्कम ठरवता येते. आमच्याकडे गेल्या वर्षी अकरा जण आले होते. ट्रेझरर आजोबा कॅश कंट्रोल स्टेटमेंट मोठ्याने वाचतात, फंडाचं नाव, सुरुवातीची शिल्लक, जमा, खर्च, अखेरची शिल्लक, आणि मी शेजारी बसून बोट फिरवत प्रत्येक आकडा ताडून बघते. कॉफी क्लार्कबाई आणतात. शंकरपाळे माझ्याकडे लागले.