मिक्स मरगळलाय? बस कंप्रेसर, समांतर कंप्रेशन की ट्रान्झियंट शेपर

सतार, तबला, तंबोरा. तीनच वाद्यं, तिन्ही नीट रेकॉर्ड झालेली, तरी मिक्स ऐकला की आमटीत मीठ राहून गेल्यासारखं वाटतं. मिरजेत घरच्या खोलीत रेकॉर्डिंग करणाऱ्या आम्हा लोकांचं हे नेहमीचं रडगाणं. मग कुणीतरी सांगतं, 'कंप्रेसर लाव की.' म्हणजे मोठे आवाज आपोआप दाबणारं साधन. कुठला आणि कुठे, ते विचारलं की गडी गप्प.

आधी दुखणं ओळखा. आघात बोथट झालेत, की दोन आघातांमधली जागा पोकळ वाटतेय? एकाचं औषध दुसऱ्याला दिलं तर आजार वाढतो. मी वाढवलाय. एका धुनेच्या अख्ख्या मिक्सवर १ मिलिसेकंद अ‍ॅटॅक (कंप्रेसर दाबायला लागेपर्यंतचा वेळ) ठेवून ६ डीबी (डेसिबल) दाबलं. तबल्याची चाट (काठावरचा कडक आघात) गेली आणि डग्ग्याच्या प्रत्येक घुमाऱ्याला तंबोरा खाली बसून परत वर येऊ लागला. ओळखीच्या एका सतारमेकरनी ऐकून विचारलं, "तंबोऱ्याला धाप लागलीय काय?"

चूक बस कंप्रेसरची, म्हणजे अनेक ट्रॅक एकत्र येतात त्या वाटेवर (बसवर) लावलेल्या कंप्रेसरची नव्हती. त्याचं काम सगळी वाद्यं एका खोलीत बसल्यासारखी वाटायला लावणं, एवढंच. रेशो (किती जोरात दाबायचं) २:१, अ‍ॅटॅक ३० मिलिसेकंद, रिलीज (दाब सोडायचा वेळ) ऑटोवर, आणि किती दाबलं ते दाखवणारा काटा १-२ डीबीच्या पुढे जाऊ द्यायचा नाही. अ‍ॅटॅक संथ ठेवला की आघाताचं टोक कंप्रेसर जागा व्हायच्या आत निसटतं, म्हणून चाट शाबूत राहते. डग्गा सगळ्यांना ओढत असेल तर साइडचेनमध्ये (कंप्रेसर ज्यावरून किती दाबायचं ते ठरवतो, त्या सिग्नलमध्ये) साधारण १०० हर्ट्झच्या खालचं काढून टाका. पण मरगळलेल्या मिक्समध्ये एकट्या बस कंप्रेसरने प्राण येत नाही. तो शेवटचा हात आहे, पहिला नव्हे.

पोकळपणावर माझी पहिली पसंती समांतर कंप्रेशनला, म्हणजे मूळ ट्रॅकच्या जोडीला त्याचीच दाबलेली प्रत मिसळण्याला. सतारीचा ट्रॅक वेगळ्या बसवर पाठवायचा, तिथे रेशो १०:१, अ‍ॅटॅक झटपट, आणि १०-१५ डीबीपर्यंत निर्दयपणे चेपायचं. एकटं ऐकलं तर कान झाकावेसे वाटतील. मग त्या बसचा फेडर (आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी) पार खाली न्या आणि मूळ ट्रॅकच्या पाठीमागून हळूहळू वर आणा. मूळ आघात जसाच्या तसा राहतो, कारण त्याला कुणी हात लावलेला नाही. भरते ती मागची बाजू: मींडेचं (तार ओढून घसरत नेलेल्या सुराचं) शेपूट, तरफेच्या (आपोआप झंकारणाऱ्या) तारांची झणझण, जवारीची (घोडीवरच्या घासणीची) ती बारीक रुणझुण. मिरजेच्या सतारीला २०२४ मध्ये जीआय (भौगोलिक) मानांकन मिळालं; ती सतार वाजवून तरफच ऐकू येत नसेल तर काय उपयोग? या कामाला ११७६ या जुन्या, नामांकित कंप्रेसरच्या धर्तीचा प्लगइन (सॉफ्टवेअरमधली नक्कल) छान. मूळ यंत्र १९६७ चं, आणि त्याचा अ‍ॅटॅक मिलिसेकंदात नव्हे, मायक्रोसेकंदात मोजतात.

तोटा एकच, पण मिरजकरांसाठी मोठा. बारीक आवाज वर येतात तेव्हा नको ते आवाजही येतात: पंखा, वादकाचा श्वास, आणि जंक्शनवरून निघालेल्या गाडीची शिट्टी. रेकॉर्डिंगमध्ये गाडी असेल तर समांतर कंप्रेशन तिला थेट मैफिलीत आणून बसवतं.

ट्रान्झियंट शेपर, म्हणजे आघाताचं टोक आणि शेपूट वेगवेगळं कमी-जास्त करणारं साधन, नेमका उलट्या दुखण्यावर, बोथट आघातांवर. १९९८ मध्ये एसपीएल कंपनीच्या यंत्राने हा प्रकार रूढ केला. थ्रेशोल्ड (ज्या पातळीपुढे कंप्रेसर दाबायला लागतो ती) लागत नाही. आवाज किती झपाट्याने चढतो-उतरतो हे तो पाहतो, त्यामुळे हळू वाजवलेला 'ना' आणि जोरातला 'ना' दोन्ही सारखेच उठतात. तबल्यावर त्यातला अ‍ॅटॅक (इथे वेळ नव्हे, आघाताचा जोर) थोडा वाढवा, काम झालं. सतारीवर जास्त झालं तर सुरापेक्षा नखीचाच टकटकाट ऐकू येतो. गळ्यावर याचा उपयोग नाही. गाणं असेल तर तिथे संथ ऑप्टिकल (प्रकाशाच्या मदतीने दाबणारा) कंप्रेसर बरा.

मल्टिबँड कंप्रेसरचं (खर्ज, मध्य, वरचे सूर वेगवेगळे दाबणाऱ्या) मी मुद्दाम बोलत नाही. हात बसल्याशिवाय त्याच्या वाटेला जाऊ नये.

आणि हो, यातलं काहीही लावायच्या आधी फेडर ऑटोमेशन (जागोजागी फेडर वर-खाली होईल असं आखून ठेवणं) करून बघा. तिहाईच्या आधी सतार १ डीबी खाली, समेवर परत वर. फुकटात होतं, आणि निम्मी मरगळ तिथेच जाते.

तुलना करताना मेकअप गेनने (दाबल्यावर परत वाढवलेल्या आवाजाने) फसू नका. मोठा आवाज कानाला नेहमीच गोड लागतो. प्लगइन चालू आणि बंद असताना आवाजाची पातळी सारखी करा आणि मगच ठरवा.

आमच्या त्या धुनेला शेवटी सतारीवर समांतर कंप्रेशन, तबल्यावर चिमूटभर शेपर आणि बसवर जेमतेम १ डीबी लागलं. तंबोरा मात्र त्या बसमधून काढून सरळ मास्टरवर पाठवला. त्याची धाप थांबली.