पंक्तिसेवा आणि वचनाची सेवा: पाळकांसाठीच्या एका निवासी शिबिराविषयी

गेल्या फेब्रुवारीत पुण्याजवळच्या एका ख्रिस्ती संस्थेने पाळकांसाठी सेवाकार्य आणि मंडळीचे (म्हणजे स्थानिक चर्चचे) प्रशासन या विषयावर तीन दिवसांचे निवासी शिबिर घेतले. शुल्क २,२०० रुपये होते आणि त्यात राहणे, जेवण आणि छापील टिपणे यांचा समावेश होता. आम्ही ३४ पाळक होतो, त्यांत तिघी भगिनी. शिबिर होऊन आता सहा महिने उलटले आहेत. तिथे शिकलेल्या कोणत्या गोष्टी मंडळीत रुजल्या आणि कोणत्या टिपणांतच राहिल्या हे आता खात्रीने सांगता येते, म्हणून हा अभिप्राय लिहीत आहे. काही सत्रांविषयी माझी तक्रार असल्यामुळे संस्थेचे नाव दिलेले नाही.

माझी पार्श्वभूमी थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आमची ८५ कुटुंबांची मंडळी आहे आणि तिची सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था म्हणून स्वतंत्र नोंदणी झालेली आहे. पगारी माणूस म्हणजे मी आणि अर्धवेळ पहारेकरी. उपासना, घरभेटी, प्रभुभोजन, बाप्तिस्मे, विवाह आणि अंत्यविधी ही कामे माझी आहेतच, पण पंच कमिटीची बैठक बोलावणे, इतिवृत्त लिहिणे, विजेचे बिल भरणे, कबरस्तानाच्या भिंतीसाठी नगरपरिषदेत खेटे घालणे ही कामेही हळूहळू माझ्याच अंगावर आली. धर्मशास्त्राच्या महाविद्यालयात आम्हाला ग्रीक भाषा, उपदेशशास्त्र आणि मंडळीचा इतिहास मन लावून शिकवला गेला, परंतु रोजकीर्द, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, कशी वाचावी हे कोणीही शिकवले नाही. माझ्या ओळखीतल्या बहुतेक पाळकांची स्थिती अशीच आहे.

शिबिराला येण्यापूर्वी प्रत्येकाने एका आठवड्याची तासवार नोंद करून आणावी अशी सूचना होती. मी ती प्रामाणिकपणे केली आणि पहिल्याच सत्रात ती समोर ठेवताना मला संकोच वाटला. त्या आठवड्यातले ११ तास बैठकांत आणि ७ तास बँक व कार्यालयीन कागदपत्रांत गेले होते, तर घरभेटींना जेमतेम ३ तास मिळाले होते. रविवारच्या संदेशाची तयारी शनिवारी रात्री दहानंतर सुरू झाली होती. सत्र घेणारे निवृत्त पाळक यावर कोणालाही रागावले नाहीत. त्यांनी सगळ्यांना बायबलच्या नव्या करारातल्या प्रेषितांच्या कृत्यांचा सहावा अध्याय उघडायला सांगितला आणि पुढचे दोन तास त्या सात ओव्यांवरच काढले. संपूर्ण शिबिरातले हे सर्वांत मोलाचे सत्र होते.

तो उतारा आपण सगळ्यांनी अनेकदा ऐकलेला असतो. यरुशलेमेत रोजच्या वाटपात ग्रीक भाषा बोलणाऱ्या विधवांची उपेक्षा होत असल्याची कुरकुर झाली, तेव्हा प्रेषितांनी सात जण निवडून त्यांच्याकडे ते काम सोपवले आणि स्वतः प्रार्थना व वचनाच्या सेवेत राहिले. वचन मोठे, वाटप दुय्यम आणि म्हणून पाळकाने व्यवहारापासून दूर राहावे, असा अर्थ मीही अनेक वर्षे या उताऱ्यातून काढत आलो होतो. त्या वृद्ध पाळकांनी आमचे लक्ष दोन गोष्टींकडे वेधले. मूळ ग्रीक उताऱ्यात पंक्तीची सेवा आणि वचनाची सेवा या दोन्हींसाठी एकाच मुळाचे शब्द आहेत आणि आपल्या मराठी बायबलमध्येही दोन्हीकडे सेवा हाच शब्द आला आहे. शिवाय त्या सात जणांसाठी आत्म्याने आणि ज्ञानाने पूर्ण असण्याची अट घातली गेली, ती अन्नवाटपाच्या कामासाठी. पुढे त्यांच्यापैकीच स्तेफन रक्तसाक्षी, म्हणजे विश्वासासाठी हुतात्मा, झाला आणि फिलिप्प शोमरोनात सुवार्ता घेऊन गेला. वाटपाचे काम कमी प्रतीचे मानले गेले असते तर अशी माणसे त्यासाठी निवडली गेली नसती.

हे ऐकताना मला आमच्याच मंडळीतल्या एका विधवा आजींची आठवण झाली. त्यांना मंडळीच्या साहाय्य निधीतून दरमहा ५०० रुपये औषधांसाठी मिळतात. दोन वर्षांपूर्वी आमची कमिटी बदलली, नवे खजिनदार आले, परंतु विश्वस्त बदलल्याची नोंद धर्मादाय कार्यालयात वेळेत केली गेली नाही. बँकेने नव्या सह्या घेण्यापूर्वी तो कागद मागितला, जुन्या खजिनदारांची सही चालेना आणि खाते अडकून पडले. आजींना तीन महिने पैसे मिळाले नाहीत. त्या कोणाला काही बोलल्या नाहीत. त्यांनी गोळ्या एक दिवसाआड घेतल्या, आणि हे मला घरभेटीत त्यांच्या सुनेकडून कळले. त्या वेळी मी ते कार्यालयीन दिरंगाईच्या खात्यात टाकले होते. पहिल्याच दिवशी दुपारी, कृत्यांचा तो अध्याय पुढ्यात असताना, ही विधवेची उपेक्षा आहे आणि ती माझ्या पाळकीय कामात घडली आहे, हे मला प्रथमच स्पष्ट दिसले.

दुसरा दिवस एका सनदी लेखापाल ताईंचा होता. त्या स्वतः मुंबईतल्या एका मंडळीच्या सभासद आहेत आणि धर्मादाय संस्थांचे हिशेब तपासण्याचे काम करतात. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० हा कायदा त्यांनी एका पाळकाला जेवढा कळायला हवा तेवढाच आणि तितक्याच सोप्या भाषेत सांगितला. विश्वस्तांत बदल झाला की ९० दिवसांच्या आत बदल अर्ज, म्हणजे आपण सगळे ज्याला चेंज रिपोर्ट म्हणतो तो, दाखल करावा लागतो. विश्वस्त व्यवस्थेची स्थावर मालमत्ता विकायची असेल तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. तीच परवानगी शेतजमीन १० वर्षांहून अधिक आणि बिगरशेती जमीन किंवा इमारत ३ वर्षांहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याने देतानाही लागते. चर्चच्या आवाराला लागून दुकानगाळे असलेल्या दोन पाळकांचे चेहरे या वाक्याला उतरले, कारण त्यांच्याकडचे करार कमिटीच्या ठरावावरच ९ वर्षांसाठी झालेले होते.

परदेशी निधीच्या कायद्याचा भाग बहुतेकांना आपल्याशी संबंध नसलेला वाटत होता, पण ताईंनी विचारलेल्या एका प्रश्नाने सगळे सावध झाले. मंडळीतल्या एखाद्या कुटुंबाचा अमेरिकेत स्थायिक झालेला मुलगा नाताळात घरी आला आणि त्याने छताच्या दुरुस्तीसाठी २५,००० रुपये दिले, तर ती देणगी कोणती? त्याच्याकडे भारतीय पारपत्र असेल आणि त्याने आपल्या बचतीतून नेहमीच्या बँक व्यवहाराने रक्कम दिली असेल, तर ती परदेशी देणगी ठरत नाही. तो परदेशी नागरिक झाला असेल, तर मूळ गाव आपलेच असले तरी ती परदेशी देणगी ठरते आणि २०१० च्या कायद्याखालील नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसताना ती स्वीकारता येत नाही. सप्टेंबर २०२० च्या दुरुस्तीनंतर असा निधी प्रथम नवी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावा लागतो, प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आली आहे आणि एका संस्थेने हा निधी दुसऱ्या संस्थेकडे वळवणे बंद झाले आहे. पूर्वी शहरातल्या मोठ्या संस्थेकडून खेड्यातल्या छोट्या सेवाकार्याला जी मदत झिरपत असे ती का आटली, याचे उत्तर अनेकांना इथे पहिल्यांदा नीट मिळाले.

दुपारच्या चहानंतर ताईंनी एक प्रात्यक्षिक करून घेतले. टेबलावर एक दानपात्र उपडे केले: दहा-वीसच्या मळक्या नोटा, नाण्यांचा ढीग, नावे घातलेली सहा पाकिटे आणि एक बिननावाचे. दोन पाळकांनी मोजायचे, तिसऱ्याने छापील तक्त्यावर नोटांची फोड लिहायची, दोघांनी सह्या करायच्या आणि मगच रक्कम पिशवीत घालायची. एक ज्येष्ठ पाळक सवयीने पुढे होऊन नोटा लावू लागले, तेव्हा ताई त्यांना म्हणाल्या, “पाळकसाहेब, आपण फक्त दाराशी उभे राहून लोकांना भेटायचे. हात लावायचा नाही, आणि सोमवारी तक्ता वाचल्याशिवाय राहायचेही नाही.” पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायाचा त्यांनी इथे दाखला दिला. यहूदीयातल्या गरिबांसाठी जमवलेली रक्कम नेताना पौलाने तीताबरोबर मंडळ्यांनी नेमलेला दुसरा बंधूही पाठवला, कारण प्रभूपुढेच नव्हे तर माणसांपुढेही व्यवहार स्वच्छ दिसावा अशी त्याची काळजी होती. पैशाला हात न लावणे आणि हिशेबाची पूर्ण माहिती ठेवणे या दोन गोष्टी एकत्र जातात, हे माझ्या डोक्यात त्या टेबलाशी उभे असताना उतरले. आपण आजवर नेमके उलट करत होतो, म्हणजे पैसे मोजत होतो आणि ताळेबंद कधी वाचत नव्हतो.

रोज पहाटे साडेपाचला एक तास मौन प्रार्थनेचा होता. त्यात भाषण नव्हते, गाणे नव्हते, फक्त सुरुवातीला एक स्तोत्र वाचले जाई. प्रशासनाच्या शिबिरात ही वेळ वेळापत्रकात सर्वांत आधी छापलेली होती आणि ती एकदाही कापली गेली नाही, याचे श्रेय संयोजकांना मनापासून द्यायला हवे. वाद हाताळण्याचे आणि बैठक चालवण्याचे सत्र ठीक होते. जेवण साधे आणि चांगले होते. खोल्या स्वच्छ होत्या.

तिसऱ्या दिवसाविषयी मात्र मला स्पष्ट लिहावे लागेल. नेतृत्व आणि दूरदृष्टी या नावाखाली सलग चार तास पडद्यावर जे दाखवले गेले ते परक्या भाषेतल्या साहित्याचे शब्दशः भाषांतर होते, आणि त्यातली सगळी उदाहरणे हजारो सभासद व डझनभर पगारी सेवक असलेल्या परदेशी मंडळ्यांची होती. कामे वाटून द्या, असे आम्हाला वारंवार सांगण्यात आले. पण ज्या मंडळीत पुरुष कारखान्यात पाळीवर जातात, स्त्रिया शेतात असतात आणि तरुण पुण्याला निघून गेलेले असतात, तिथे ती कोणाला वाटायची याविषयी एक वाक्यही नव्हते. निर्गमातल्या अठराव्या अध्यायात इथ्रोने मोशेला हजार, शंभर, पन्नास आणि दहा माणसांवर नायक नेमायला सांगितले. आमच्यासारख्या मंडळीला त्यातला दहाचा आकडा कामाचा आहे आणि वक्त्यांचा सगळा भर हजारावर होता.

मला याची खंत अधिक वाटली, कारण या प्रश्नावर मराठी ख्रिस्ती समाजाने स्वतः पुष्कळ विचार केलेला आहे. ज्या अहमदनगरात अमेरिकन मराठी मिशनचे काम १८३१ मध्ये सुरू झाले आणि जिथून १८४२ मध्ये ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक निघू लागले, तिथल्या मंडळ्यांनी पाळकाचे वेतन कोणी द्यायचे, सत्ता कोणाच्या हाती असायची, या गोष्टींवर पिढ्यान्‌पिढ्या चर्चा केली. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ उभा केला. त्यात बाप्तिस्मा झालेल्या आणि न झालेल्या येशूभक्तांना एकत्र आणण्याचा त्यांचा प्रयत्न होता. संघटना आत्मिक जीवनाला कोठे आधार देते आणि कोठे जखडते, हे समजण्यासाठी याहून जवळचे उदाहरण कोणते असू शकेल? त्या चार तासांतला एक तास जरी याला दिला असता तरी शिबिराची उंची वाढली असती.

दुसरी उणीव याहून गंभीर आहे. शिबिर फक्त पाळकांसाठी होते. जबाबदारी वाटून घ्यायची असे शिकवताना ज्यांच्याशी ती वाटायची ते खजिनदार, सचिव आणि वडील जन खोलीत नव्हतेच. पाळकांच्या पत्नींचाही विचार झालेला दिसला नाही. आमच्या मंडळीत महिला मंडळ, संडेस्कूल आणि आजाऱ्यांच्या भेटी यांतले निम्मे काम माझी पत्नी करते. तासांच्या नोंदीत तिच्या कामाला रकानाच नव्हता.

घरी परतल्यावर मी कमिटीपुढे तीन ठराव मांडले आणि दोन मंजूर झाले. दानाची मोजणी आता आळीपाळीने दोन कुटुंबे करतात आणि तक्ता सूचनाफलकावर लागतो. साहाय्य निधीचे काम दोघी भगिनींकडे सोपवले आहे. त्यांच्यापैकी एक निवृत्त शिक्षिका असून त्यांनी पहिल्याच महिन्यात, माझ्या कधीच लक्षात न आलेली, आणखी दोन गरजू घरे शोधून काढली. बदल अर्ज दंडासह मार्गी लागला, परिशिष्ट एकचा, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या विश्वस्तांच्या नोंदीचा, नवा उतारा बँकेत दिला आणि आजींचे ५०० रुपये आता पाच तारखेच्या आत पोचतात. नामंजूर झालेला ठराव मंगळवार आणि गुरुवार हे दोन दिवस पाळकाने घरभेटींसाठी पूर्ण मोकळे ठेवावेत असा होता. सभासदांना कार्यालयात पाळक हवा असतो, दाखला त्याच दिवशी हवा असतो, आणि हे समजावण्यात मी अजून कमी पडतो आहे. तरी तीन तासांच्या घरभेटी आठ तासांवर आल्या आहेत आणि संदेशाची तयारी बुधवारी सुरू होते.

ज्या पाळकांची मंडळी स्वतंत्रपणे नोंदलेली आहे आणि ज्यांच्याकडे लेखनिक किंवा व्यवस्थापक नाही, त्यांनी पहिल्या दोन दिवसांसाठी तरी हे शिबिर अवश्य करावे. ज्यांची मालमत्ता आणि हिशेब धर्मप्रांताच्या कार्यालयातून चालतात त्यांना कायद्याचा भाग तितकासा लागू पडणार नाही, परंतु कृत्यांवरचे सत्र आणि पहाटेचा तास त्यांनाही उपयोगी पडेल. येताना मागच्या वर्षाचा लेखापरीक्षण अहवाल सोबत आणावा, कारण ताई तो प्रत्येकाच्या शेजारी बसून वाचून दाखवतात. पुढचे शिबिर नोव्हेंबरमध्ये आहे. आमच्या खजिनदारांना आणि त्या निवृत्त शिक्षिकांना प्रवेश मिळावा म्हणून मी संयोजकांना पत्र लिहिले आहे. तो मिळाला तर आम्ही तिघे जाणार आहोत.