स्किमरशिवाय खाऱ्या पाण्याची टाकी: चौदा महिन्यांचा अनुभव

पुण्यातील घरी माझी दोनशे लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी गेले चौदा महिने प्रोटीन स्किमरशिवाय, म्हणजे फेस करून पाण्यातली घाण काढणाऱ्या यंत्राशिवाय, चालू आहे. पाणी स्वच्छ ठेवण्याचे काम पंधरा किलो सच्छिद्र खडक, खालच्या सम्पमधील (मुख्य टाकीला जोडलेल्या दुसऱ्या टाकीतील) अकरा सेंटीमीटर जाडीचा बारीक वाळूचा थर आणि त्या वाळूवर दिव्याखाली वाढणारे कीटोमॉर्फा शेवाळ करतात. जकार्ताच्या ली चिन एंग यांनी १९६१ मध्ये जिवंत खडक (समुद्रातून काढलेला, जिवाणू व जीव वसलेला खडक) आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावर प्रवाळ सांभाळण्याची पद्धत मांडली होती. माझी मांडणी तिच्याच गोत्रातली. मात्र समुद्रातून काढलेला खडक मी घेतला नाही. आपल्याकडे दगडी प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणून कोरडा खडक आणि बाटलीतील जिवाणू यांवर सुरुवात केली. टाकीत क्लाउनफिशची जोडी, एक गोबी आणि थोडे मश्रूम प्रवाळ आहेत.

कोरड्या खडकाची किंमत वेळ देऊन मोजावी लागते. माशांना विषारी असलेले अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर यायला सहा आठवडे लागले, आणि तिसऱ्या महिन्यात नायट्रेट ४० पीपीएमवर (दहा लाख भागांत ४० भाग) जाऊन बसले, कारण खडकावरील जिवाणू अमोनियाचे नायट्रेट करून थांबतात आणि त्यापुढे नायट्रेटचा नायट्रोजन वायू करणारे जिवाणू ऑक्सिजन नसलेल्या जागीच काम करतात. ती जागा म्हणजे वाळूचा तळ. पाचव्या महिन्यात काचेलगतच्या वाळूत मोहरीएवढे बुडबुडे दिसू लागले आणि त्याच सुमारास नायट्रेट उतरू लागले; आता ते पाच ते दहा पीपीएमच्या दरम्यान असते. श्रेय वाळूला किती आणि शेवाळाला किती हे सांगणे कठीण असले, तरी माझा कौल शेवाळाला आहे. भांडी घासायच्या हिरव्या घासणीसारखा दिसणारा हा गुंता दर पंधरवड्याला मूठभर काढून टाकला, की त्याने शोषलेले नायट्रेट आणि फॉस्फेट खरोखरच टाकीबाहेर जाते. कापणी टाळली, तर खालचे धागे उजेडाअभावी कुजून सगळे पाण्यात परत येते.

दोन चुका माझ्याच. वाळू मळकट दिसते म्हणून एकदा ती तळापर्यंत ढवळली. तळाशी साचलेल्या वायूचा नासक्या अंड्यासारखा वास घरभर पसरला, मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागले आणि रात्री अकराला चाळीस लिटर पाणी बदलावे लागले. दुसरी चूक उलट प्रकारची. शेवाळाचा दिवा सोळा तास ठेवल्यामुळे नायट्रेट शून्यावर गेले, पोषण न उरल्याने शेवाळ पांढुरके होऊन तुटू लागले, मश्रूम आक्रसले आणि वाळूवर बुडबुडे धरलेली तपकिरी, चिकट तार पसरली. दिवा नऊ तासांवर आणून खाद्य थोडे वाढवल्यावर महिन्याभरात घडी बसली. हा दिवा रात्री लावावा, म्हणजे मुख्य दिवे बंद असताना घसरणारा पीएच काहीसा सावरतो.

वीज गेल्यावर मात्र ही पद्धत उघडी पडते, कारण पाणी फिरणे थांबताच पाण्यातील ऑक्सिजन घटू लागतो. बॅटरीवरचा एअर पंप मी पहिल्या पावसाळ्यातच घेतला. शिवाय शेवाळ कॅल्शियम किंवा क्षारता (पीएच स्थिर ठेवण्याची पाण्याची क्षमता) सांभाळत नाही; त्यासाठी पाणी बदलणे सुटलेले नाही, दर तीन आठवड्यांनी वीस लिटर.