विंडोज ११ वर व्हीबी ६: थेट टाकायचं की एक्सपीच्या डब्यात?

भोसरी एमआयडीसीतल्या एका छोट्या वर्कशॉपात वजनकाटा, चलन, बिल सगळं अजून व्हीबी ६ वर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या जुन्या व्हिज्युअल बेसिक ६ मध्ये लिहिलेल्या प्रोग्रामवर चालतं. जुना पीसी गेला, विंडोज ११ चा नवा आला आणि मालकांनी विचारलं, "दादा, आपलं सॉफ्टवेअर यावर चालंल ना?"

तयार एक्झी, म्हणजे बनवून झालेला प्रोग्राम, सहसा चालते, कारण तो चालवायला लागणाऱ्या फाइली, म्हणजे व्हीबी ६ चा रनटाइम, विंडोज ११ मध्येही आहे. घोडं अडतं ते कोड बदलायची वेळ आली की. कोड लिहायची आयडीई, म्हणजे व्हीबी ६ चं मूळ सॉफ्टवेअर, १९९८ ची, तिचा सपोर्ट २००८ मध्येच संपला.

ही आयडीई विंडोज ११ वर थेट टाकायची तर सेटअप अॅडमिन म्हणून चालवा. तो जुनं जावा मागत बसतो. विंडोज फोल्डरमध्ये 'एमएसजावा डॉट डीएलएल' नावाची रिकामी फाइल ठेवली की गप्प बसतो. काय काय टाकायचं त्या यादीत डेटा अॅक्सेसची खूण काढा, नाहीतर शेवटी सेटअप लटकू शकतो. मग सर्व्हिस पॅक ६, म्हणजे व्हीबीच्या दुरुस्त्यांचा संच, टाका. ओसीएक्स, म्हणजे बटणं-तक्ते असे तयार भाग (कंट्रोल) असलेली फाइल, हातानं नोंदवायची तर ती विंडोजच्या 'सिसवाउ६४' फोल्डरमध्ये. नावात ६४ आणि आत ३२ बिटच्या फाइली, हे ज्याला सुचलं त्याला कोपरापासून नमस्कार! माउसचं चाक कोडच्या खिडकीत फिरत नाही, त्यासाठी वेगळं अॅड-इन, म्हणजे वरून जोडायचं छोटं सॉफ्टवेअर, लागतं.

आमचा खरा वेळ खाल्ला काट्यानं. काटा ज्याला जोडतात तो जुना सीरियल पोर्ट नव्या पीसीला नाही म्हणून यूएसबी कन्व्हर्टर लावला, त्याला नंबर मिळाला कॉम १९. पोर्टवरून काट्याचं वजन वाचणारा व्हीबीचा एमएसकॉम कंट्रोल १६ च्या पुढचा पोर्ट घेतच नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन कॉम ३ केला आणि स्क्रीनवर किलो उमटले.

दुसरा मार्ग एक्सपीचा डबा: व्हर्च्युअलबॉक्स या सॉफ्टवेअरनं पीसीच्या आत दुसरा आभासी पीसी बनवायचा आणि त्यात जुनं विंडोज एक्सपी चालवायचं. अर्धा जीबी रॅम दिली तरी पुरते, आणि काही बिघडलं तर स्नॅपशॉटवरून, म्हणजे आधी जपून ठेवलेल्या स्थितीवरून, मागे येता येतं. मोठा फायदा जुन्या विकतच्या कंट्रोल्सचा: काहींचे इन्स्टॉलर १६ बिटचे असतात. विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्येच येतं, ते त्यांना दारातही उभं करत नाही. ३२ बिट एक्सपीत ते बसतात. पण एक्सपीचं वैध लायसन्स हवं, आणि सपोर्ट २०१४ मध्ये संपल्यामुळे त्याला इंटरनेट देऊ नये. मग बिल मेल करायचं तर शेअर्ड फोल्डरमधून फाइल बाहेर आणा. शिवाय ऑपरेटरपुढे दोन स्टार्ट मेनू. संध्याकाळी घाईत तो कुठला बंद करेल, सांगता येत नाही.

प्रोग्राम व्हीबी डॉट नेटमध्ये, म्हणजे व्हीबीच्या नव्या अवतारात, नेणं हा तिसरा पर्याय कुणीतरी सुचवतोच. जुना कोड आपोआप बदलणारा रूपांतराचा विझार्ड मायक्रोसॉफ्टनं आपल्या व्हिज्युअल स्टुडिओमधून २०१० च्या आवृत्तीपासून काढून टाकलाय. म्हणजे जवळजवळ नव्यानं लिहा. काटा उद्या सकाळी चालू हवा असेल तर हा विषयच नको.

भोसरीत मी थेट टाकलं. माझ्या लॅपटॉपवर मात्र एक्सपीचा डबा आहे, कारण दुसऱ्या एका गिऱ्हाइकाच्या प्रोग्रामातला ग्रिड, म्हणजे तक्ता दाखवणारा विकतचा कंट्रोल, ज्या फ्लॉपीवरून आला, तिचा सेटअप १६ बिटचा आहे.