जुना मर्फी दुरुस्तीला दिला होता, त्याचा अनुभव (4 स्टार)

बाबांचा जुना मर्फी ट्रान्झिस्टर पुलगावला एका छोट्या दुकानात दुरुस्तीला टाकला होता, दुकानाला धड पाटीपण नाही. वर्ध्यात दोघांनी "फेकून द्या हो, ब्लूटूथवाला घ्या" म्हणून वापस पाठवलं होतं, या काकांनी मात्र काही न बोलता झाकण उघडलं. सेल पाझरून स्प्रिंगा पार गंजलेल्या, डायलचा दोरा तुटलेला, स्पीकरचा कागद उंदरानं खाल्लेला. आठ दिवस सांगितले अन लागले बावीस, माझ्या चार चकरा झाल्या, दरवेळी "उद्या या न भाऊ". 450 रुपये घेतले. पण नागपूर केंद्र असं खणखणीत लागलं की मी तिथंच स्टुलावर बसून बातम्या ऐकल्या.

1971 ला मी पाचवीत होतो. पुलगावचा दारूगोळ्याचा डेपो आमच्या गावाहून जवळ, म्हणून 3 डिसेंबरला लढाई लागली तशी कोतवालानं दवंडी दिली, रात्री कंदील झाका. शाळेच्या मैदानात गुरुजींनी आमच्याकडूनच चर खोदून घेतला, शिटी वाजली की त्यात पालथं पडायचं, कानात बोटं अन दातात रुमाल, आता रुमाल कोणापाशी होता, सदऱ्याचं टोकच चावायचो. निम्मी पोरं कापूस वेचायला गेलेली, ते म्हणत आम्ही पऱ्हाटीतच लपतो. (लढाई संपल्यावर त्या चरात बकऱ्या पडायच्या, बुजवायला कोणी येईना.) गावात रेडिओ दोनच, त्यातला हा शाळेत जायचा अन नेणारा मी, मग काय, तेरा दिवस वर्गात आपला लय भाव. 16 तारखेला ढाका पडल्याचं सायंकाळी आमच्या ओट्यावरच ऐकलं, 93 हजार कैदी वगैरे आकडे मागून कळले, त्या दिवशी गुरुजींनी पाढे न येणाऱ्यांनाही गूळ वाटला एवढं पक्कं आठवते.

तक्रार एकच. बातम्या लागायच्या तिथं बाबांनी डायलच्या काचेवर लाल शाईची रेघ मारली होती, अंधारात चाचपडायला नको म्हणून जरा जाडच. काकांनी ती मळ समजून थिनरनं पुसून काच चकाचक केली. विचारलं तर म्हणे, "साफ करून देलं न भाऊ, त्याचे पैसे थोडी घेतले." आता काय बोलणार, माणूस कामाचा आहे, पण एक स्टार त्याचाच कापला.

जायचं असल तर अकराच्या आत जा, जेवायला गेले की काका चारशिवाय येत नाहीत. काय पुसायचं नाही ते आधीच सांगून ठेवा, अन सेल घरून न्या, ते ठेवत नाहीत.