यूसीची अंतर्गत वर्गणी: वसुली चोख, मोजमाप बरे, हिशेब तपासून घ्यावा असा

कॅलिफोर्निया विद्यापीठाचे, म्हणजे यूसीचे, 10 कॅम्पस आणि सामायिक कारभाराचे ऑफिस ओकलंडला. पेन्शन, कर्मचाऱ्यांचा आरोग्यविमा, एकत्र खरेदीचे करार, वकिली कामे हे सगळे तिथून चालते आणि त्याचा खर्च कॅम्पस वर्गणीने भरतात. सेवा आवडली नाही तर दुसरे दुकान गाठायची सोय नाही. म्हणून पाहायचे ते एवढेच, की वर्गणी कशावर मोजतात आणि जमलेल्या पैशाचा हिशेब मिळतो का.

पूर्वी बरेचसे पैसे आधी मध्यवर्ती ऑफिसात यायचे, तिथे कापले जायचे आणि उरलेले खाली उतरायचे. कोणाच्या पानातले किती गेले, ते सांगणे कठीण. 2011-12 पासून कॅम्पसने मिळवलेली फी आणि संशोधनाचा ओव्हरहेड (ग्रँटसोबत इमारत, वीज, कारभार अशा आडखर्चासाठी मिळणारे पैसे) त्याच्याकडेच राहू लागला आणि सुरुवातीला खर्चावर साधारण 1.6 टक्के सरसकट वर्गणी बसली. आकडा डोळ्यांसमोर आला, हा या पद्धतीचा सगळ्यात मोठा गुण.

दोष मापात होता. सॅन फ्रान्सिस्को कॅम्पसला मोठे हॉस्पिटल आहे, पदवीपूर्व वर्ग मात्र नाहीत. नुसता खर्च मोजला की हॉस्पिटलच्या औषधांच्या बिलावरही वर्गणी चढते आणि औषधे घेतल्याने ओकलंडचे काम त्या प्रमाणात वाढत नाही. म्हणून पुढे खर्चासोबत कर्मचारी आणि विद्यार्थीही मोजायला घेतले. फरक किती पडतो, ते काल्पनिक आकड्यांवर पाहा. सामायिक खर्च 3 कोटी डॉलर. एका कॅम्पसचा वाटा खर्चात 50 टक्के, कर्मचाऱ्यांत 35, विद्यार्थ्यांत 20. नुसत्या खर्चावर त्याला 1.5 कोटी पडतात; तिन्हींची सरासरी 35 टक्के, म्हणजे 1.05 कोटी. उरलेले 45 लाख बाकीच्यांच्या बिलात जातात, त्यामुळे या सूत्रावर सगळे एकदम खूश होणे शक्यच नाही.

आपल्या हाउसिंग सोसायट्यांचे आदर्श उपविधी इथे जास्त शहाणे वाटतात. सेवा शुल्क प्रत्येक फ्लॅटला सारखे, पाणीपट्टी नळांवर, दुरुस्ती निधी बांधकाम खर्चावर. जसा खर्च तसे माप. पगाराच्या यूसीपाथ सेवेत यूसीने असेच केले आहे: शुल्क डब्ल्यू-2 च्या संख्येवर. हा आपल्या फॉर्म 16 सारखा वर्षाचा पगाराचा कागद. माप सोपे आहे, पण महिनाभर लायब्ररीत नोकरी केलेल्या विद्यार्थ्याचाही एक कागद आणि वर्षभर शिकवणाऱ्या प्राध्यापकाचाही एकच. तात्पुरती भरती जास्त असेल तर बिल फुगते.

बजेटवाले हमखास अडकतात ते अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या ग्रँटपाशी. ही वर्गणी ग्रँटवर थेट खर्च म्हणून टाकता येत नाही. ती ओव्हरहेडमधून किंवा इतर पैशांतून भरावी लागते. वापरानुसार शुल्क घेणाऱ्या सेवेला ग्रँटवर बिल लावता येते, पण दर सगळ्यांना एकच हवा, तो फक्त खर्च भरून काढणारा हवा आणि निदान दर 2 वर्षांनी सुधारलेला हवा. दुसरा खड्डा दुहेरी मोजणीचा. एका विभागाने दुसऱ्याला बिल लावले तर तो खर्च दोघांच्याही वहीत दिसतो. आतले बिल वगळले नाही तर एकाच रकमेवर दोनदा वर्गणी बसते.

हिशेबाची बाजू मात्र पडती. एप्रिल 2017 मध्ये राज्याच्या ऑडिटरने मध्यवर्ती ऑफिसकडे 17.5 कोटी डॉलर न दाखवलेली गंगाजळी असल्याचा अहवाल दिला. त्यातला बहुतेक पैसा आधीच ठरलेल्या कामांचा आहे, खरी शिल्लक फार कमी, असे विद्यापीठाचे उत्तर. तरी विधिमंडळाने 2017-18 पासून वर्गणी थांबवून या ऑफिसला बजेटमधून थेट रक्कम दिली, तीही मुळात कॅम्पसकडे जाणाऱ्या राज्याच्या पैशातून. 2021-22 ला वर्गणी परत आली.

असे बिल तुमच्या टेबलावर आले तर आधी तीन कागद मागा: माप कोणत्या वर्षाचे धरले, त्यातून काय काय वगळले आणि मागच्या वर्षीची शिल्लक कुठे गेली. तिसरा कागद मिळायला सगळ्यात जास्त वेळ लागतो.